एनिग्मा फुटली ती सहा अक्षरांमुळे

प्रश्न तीन भागांत आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी वापरलेल्या एनिग्मा या गुप्तलेखन यंत्राच्या किल्ल्या, म्हणजे ते लावण्याचे प्रकार, १५९ वर १८ शून्यं इतक्या होत्या असं सगळीकडे वाचायला मिळतं, मग संगणक नसताना ती फुटली कशी? पोलंडच्या गणितज्ञांनी नेमकं काय केलं आणि ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने काय? आणि स्वतः प्रोग्राम लिहून हे यंत्र चालवून बघायचं असेल तर चुका कुठे होतात?

आधी त्या आकड्याचा धाक काढून टाकू. आकडा खरा आहे. आत तारा असलेल्या पाच फिरत्या चकत्यांमधून तीन निवडून क्रमाने बसवायच्या, त्याचे ६० प्रकार. तिन्ही चकत्यांच्या सुरुवातीच्या जागा २६×२६×२६, म्हणजे १७,५७६. पुढच्या प्लगबोर्डवर १० तारा लावून २० अक्षरांच्या जोड्या करायच्या, त्याचे प्रकार १५,०७,३८,२७,४९,३७,२५०. सगळ्यांचा गुणाकार केला की तो प्रसिद्ध आकडा येतो. पण त्यातला बहुतेक फुगवटा एकट्या प्लगबोर्डचा आहे. चकत्यांचा वाटा जेमतेम १०,५४,५६०.

आता दुसरा आकडा पाहा. इंग्रजीच्या २६ अक्षरांची नुसती अदलाबदल केली, म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी ठरलेलं दुसरं अक्षर लिहिलं, तर त्या साध्या गुप्तलिपीच्या किल्ल्या एनिग्मापेक्षा सुमारे २५ लाख पट जास्त आहेत. तरीही ती लिपी शाळकरी मूल तासाभरात सोडवतं, कारण कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजता येतं. ही युक्ती बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकात लिहून ठेवली आहे. म्हणजे किल्ल्या किती यापेक्षा एकेक किल्ली न तपासता पुढे जाण्याची वाट आहे का, हा खरा प्रश्न. एनिग्मात अशी वाट होती, आणि ती यंत्राइतकीच ते वापरण्याच्या नियमांनी तयार केली होती.

यंत्र थोडक्यात समजून घेऊ. जर्मन इंजिनिअर आर्थर शेर्बिउसने १९१८ मध्ये त्याचं पेटंट मागितलं. जर्मन नौदलाने १९२६ पासून ते वापरलं, भूदलाने १९२८ पासून, आणि १९३० मध्ये लष्करी यंत्राला प्लगबोर्ड जोडला गेला. लाकडी पेटीत २६ कळा, २६ छोटे दिवे, साडेचार व्होल्टची बॅटरी. कळ दाबली की आधी उजवीकडची चकती एक घर पुढे सरकते आणि मग विद्युतमंडल पूर्ण होतं. हा क्रम लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल. प्रवाह कळीतून प्लगबोर्डात, तिथून स्थिर प्रवेश-चकतीत, मग उजव्या, मधल्या आणि डाव्या चकतीतून परावर्तकात जातो. परावर्तक तेरा तारांनी अक्षरांच्या तेरा जोड्या बांधतो आणि प्रवाहाला परत फिरवतो. उलट वाटेने तिन्ही चकत्या आणि पुन्हा प्लगबोर्ड ओलांडून एक दिवा लागतो. तो दिवा म्हणजे त्या कळीचं गुप्त अक्षर.

परावर्तकामुळे वापरणाऱ्याची मोठी सोय झाली. त्याच जागेवर ए दाबल्यावर क्यू लागत असेल, तर क्यू दाबल्यावर ए लागतो. लिहायला आणि वाचायला यंत्र एकच, मांडणीही एकच. पण या सोयीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागली. एक, कोणतंही अक्षर कधीच स्वतःच्या रूपात बाहेर पडत नाही. दोन, यंत्राची प्रत्येक स्थिती म्हणजे अक्षरांच्या नेमक्या तेरा जोड्या, त्यापलीकडे काही नाही. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींवर उभा आहे.

आता ती सहा अक्षरं. दिवसाची किल्ली छापील तक्त्यात असायची: चकत्यांचा क्रम, चकत्यांवर फिरवता येणाऱ्या अक्षरांच्या कड्यांची जागा, प्लगच्या जोड्या आणि सुरुवातीची स्थिती. दिवसभराचे सगळे संदेश त्याच स्थितीतून लिहिले तर एकाच किल्लीखाली ढीगभर मजकूर जमतो, आणि तो शत्रूच्या पथ्यावर पडतो. म्हणून प्रत्येक संदेशासाठी ऑपरेटरने स्वतःची तीन अक्षरं निवडायची. ती पलीकडे कळवायची कशी? दिवसाच्या स्थितीवर यंत्र लावायचं, ती तीन अक्षरं दोनदा टंकायची, आणि मिळालेली सहा गुप्त अक्षरं संदेशाच्या डोक्यावर पाठवायची. मग यंत्र त्या तीन अक्षरांवर फिरवून मजकूर लिहायचा. दोनदा टंकायचं कारण अगदी साधं होतं. बिनतारी यंत्रावर खरखर असते, एखादं अक्षर चुकलं तरी दुसऱ्या प्रतीवरून दुरुस्त करता यावं.

पण त्यामुळे शत्रूला फुकटात एक हमी मिळाली: पहिलं आणि चौथं गुप्त अक्षर एकाच मूळ अक्षराचं आहे, तसंच दुसरं-पाचवं आणि तिसरं-सहावं.

सायफर ब्यूरो या पोलंडच्या गुप्तलिपी खात्याने १९२९ मध्ये पोझ्नान विद्यापीठातल्या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी गुप्तलेखनाचा वर्ग चालवला. तोवर हे काम भाषा जाणणाऱ्यांचं मानलं जायचं. ते गणितज्ञांकडे सोपवण्याचा हा निर्णय माझ्या मते या कथेतला सर्वांत मोलाचा. त्या वर्गातले मारियान रेयेफ्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की १ सप्टेंबर १९३२ ला वॉर्सात कामावर रुजू झाले. रेयेफ्स्कीने त्या सहा अक्षरांचं काय केलं ते जरा सविस्तर पाहू.

एका दिवसाचे तीन संदेश घ्या. त्यांची सुरुवात अशी: डी-एम-क्यू व्ही-बी-एन, व्ही-ओ-एन पी-यू-वाय, पी-यू-सी एफ-एम-क्यू. पहिल्या संदेशात पहिलं अक्षर डी आणि चौथं व्ही. दुसऱ्यात व्ही आणि पी. तिसऱ्यात पी आणि एफ. म्हणजे डी वरून व्ही, व्ही वरून पी, पी वरून एफ अशी साखळी तयार होते. असे संदेश जमवत गेलं की साखळी केव्हातरी स्वतःच्या सुरुवातीला येऊन मिळते. सव्वीसही अक्षरं दिसेपर्यंत थांबायचं तर सुमारे १०० संदेश लागतील, पण उरलेल्या जागा तर्काने भरता येतात, म्हणून ६० ते ८० पुरत. रेयेफ्स्कीने दिलेल्या या उदाहरणात पहिल्या-चौथ्या जागेच्या साखळ्या १०, १०, २, २, १, १ लांबीच्या निघतात, दुसऱ्या-पाचव्याच्या ९, ९, ३, ३, १, १ आणि तिसऱ्या-सहाव्याच्या १३, १३.

प्रत्येक लांबी जोडीनेच येते. हा योगायोग नाही. कागद-पेन्सिल घेऊन आठ अक्षरांवर करून पाहा. पहिल्या स्थितीत यंत्र जोड्या करतं क-ख, ग-घ, च-छ, ज-झ. चौथ्या स्थितीत करतं क-ग, ख-च, घ-ज, छ-झ. गुप्त अक्षर क असेल तर मूळ अक्षर ख, आणि तेच ख चौथ्या जागी च बनून येतं. म्हणून क वरून च. तसंच च वरून झ, झ वरून घ, घ वरून परत क. एक साखळी झाली: क च झ घ. दुसरी निघते ख ग ज छ. दोन्ही चार-चारच्या. आता पहिली सरळ लिहा, आणि तिच्याखाली दुसरी उलट क्रमाने, ख पासून:

क च झ घ
ख छ ज ग

उभ्या जोड्या वाचा: क-ख, च-छ, झ-ज, घ-ग. यंत्राच्या पहिल्या स्थितीच्या मूळ जोड्या तशाच्या तशा परत मिळाल्या. खालच्या अक्षरावरून वरच्या ओळीतल्या पुढच्या अक्षराकडे तिरपं वाचलं की चौथ्या स्थितीच्या जोड्या मिळतात: ख-च, छ-झ, ज-घ, ग-क. फक्त खालची ओळ कुठून सुरू करायची हे माहीत नसतं, म्हणून चार शक्यता तपासायच्या.

खऱ्या उदाहरणात पहिल्या जागेसाठी १०×२, दुसऱ्यासाठी ९×३ आणि तिसऱ्यासाठी १३, मिळून ७,०२० शक्यता राहतात. इथे ऑपरेटरचा आळस कामी आला. माणसाला 'कोणतीही तीन अक्षरं निवड' म्हटलं की तो ए-ए-ए निवडतो. त्या दिवसाच्या संदेशांमध्ये एस-वाय-एक्स एस-सी-डब्ल्यू हा गट पुन्हा पुन्हा येत होता. तो ए-ए-ए धरला, की पहिल्या जागेच्या साखळ्यांशी लगेच जुळतं: तिथे ए आणि एस दोघंही एकट्याच्या साखळीत आहेत, म्हणजे एकमेकांची जोडी ठरलेली. दुसऱ्या-तिसऱ्या जागेतही विसंगती येत नाही. अशी दोन-तीन गृहीतकं बसली की त्या दिवसाच्या सगळ्या संदेशांची तीन-तीन अक्षरं उघडी पडतात.

पुढचं पाऊल जास्त अवघड होतं: चकत्यांच्या आतली तारजोडणी शोधणं. सहा स्थितींच्या जोड्या हातात आल्यावर समीकरणं मांडता येतात, पण त्यांत चकत्या, परावर्तक, प्लगबोर्ड आणि प्रवेश-चकती असे बरेच अज्ञात होते. त्यातला प्लगबोर्ड सोडवला हेरगिरीने. जर्मन गुप्तलेखन कार्यालयात काम करणारा हान्स-थिलो श्मिट पैशासाठी फ्रेंचांना कागद विकत होता. फ्रेंच अधिकारी गुस्ताव्ह बर्त्रांने ते पोलंडला दिले, आणि त्यात सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९३२ चे दैनंदिन किल्ल्यांचे तक्ते होते. चकत्यांचा क्रम तेव्हा दर तिमाहीला बदलायचा. सप्टेंबर एका तिमाहीत, ऑक्टोबर दुसऱ्या, म्हणून उजव्या जागी दोन वेगळ्या चकत्या येऊन गेल्या आणि दोघींची जोडणी काढता आली. शिवाय सहा अक्षरांच्या अवधीत बहुतेकदा फक्त उजवी चकती हलते, पाचपैकी साधारण चार दिवस. मधली हलली तर त्या दिवसाचं समीकरण सुटत नाही, दुसरा दिवस घ्यायचा.

तरीही उत्तर येईना. अडचण प्रवेश-चकतीत होती. बाजारात विकल्या जाणाऱ्या यंत्रात ती कळफलकाच्या क्रमाने जोडलेली होती, म्हणून लष्करी यंत्रातही तसंच असेल असं रेयेफ्स्कीने धरलं होतं. मग त्याने जर्मन शिस्तीचा विचार केला आणि ए ला ए, बी ला बी अशी सरळ वर्णक्रमाची जोडणी धरून पाहिली. लगेच उत्तर आलं. हे डिसेंबर १९३२. एकही लष्करी यंत्र डोळ्यांनी न पाहता त्याची आतली जोडणी कागदावर मिळाली. ब्रिटिश तज्ज्ञ डिली नॉक्स याच प्रवेश-चकतीवर अडला होता. १९३९ मध्ये पोलिशांना भेटल्यावर त्याचा पहिला प्रश्न तोच होता.

आता प्लगबोर्डकडे परत येऊ, कारण किल्ल्यांचा तो प्रचंड आकडा इथेच कोसळतो. आपल्या आठ अक्षरांत क आणि ज यांच्यात प्लगची तार लावा. सगळ्या जोड्यांत क च्या जागी ज आणि ज च्या जागी क येतो. साखळ्या पुन्हा काढा: ज च झ घ आणि ख ग क छ. नावं बदलली, लांब्या तशाच राहिल्या. प्लगबोर्ड कसाही लावा, सहा तारांचे १०,०३९ कोटी प्रकार असोत की दहा तारांचे दीड कोटी कोटी, साखळ्यांच्या लांब्या त्याने बदलत नाहीत. त्या फक्त चकत्यांवर अवलंबून असतात. तेव्हा चकत्या तीनच होत्या, म्हणजे प्रश्न उरला ६ क्रम गुणिले १७,५७६ स्थिती, एकूण १,०५,४५६ नोंदींचा. एवढ्या नोंदी माणसं हाताने करू शकतात, आणि त्यांनी केल्या.

त्यासाठी सायक्लोमीटर नावाचं साधं यंत्र बनवलं. चकत्यांचे दोन संच, एकमेकांपासून तीन घरं सरकवलेले, आणि अक्षरागणिक दिवा. एक कळ चालू केली की एका साखळीतली आणि तिच्या जोडीच्या साखळीतली सगळी अक्षरं उजळायची, ती मोजून कार्डावर नोंदायची. या कामाला वर्षापेक्षा जास्त लागलं. ते पुरं झाल्यावर दिवसाची किल्ली १० ते २० मिनिटांत मिळू लागली. साखळ्यांच्या लांब्यांचे नमुने १३ या संख्येच्या विभाजनाइतके, म्हणजे १०१ प्रकारचे असतात. तीन जोड्यांचे मिळून १०,३०,३०१ नमुने झाले, आणि स्थिती फक्त लाखभर. त्यामुळे बहुतेक वेळा नमुन्याला थोड्याच स्थिती जुळायच्या. १३-१३ सारखे काही नमुने मात्र वारंवार येतात. तिथे अनेक उमेदवार तपासावे लागत. स्थिती मिळाली की कार्डावरच्या साखळ्या आणि प्रत्यक्षातल्या साखळ्या शेजारी ठेवून प्लगच्या जोड्या वाचता येतात. कड्यांची जागा शेवटी, संदेश बहुधा ए-एन-एक्स ने सुरू होतो यावरून. जर्मनमध्ये 'आन' म्हणजे 'यांस', आणि एक्स शब्दांमधली जागा दाखवायला.

नोव्हेंबर १९३७ मध्ये जर्मनांनी परावर्तक बदलला आणि वर्षभराचा कार्डसंग्रह रद्दीत गेला. तो पहिल्यापासून परत केला. १५ सप्टेंबर १९३८ ला पद्धतच बदलली: दिवसाची समान स्थिती गेली, प्रत्येक ऑपरेटर आपली सुरुवातीची स्थिती स्वतः निवडून उघडपणे कळवू लागला. आता सगळ्या संदेशांच्या साखळ्या एकत्र करता येईनात. तीन अक्षरं दोनदा टंकणं मात्र चालूच राहिलं, आणि त्यातूनच पुन्हा दोन उपाय निघाले.

झिगाल्स्कीने भोकं पाडलेले तक्ते बनवले. पहिलं आणि चौथं अक्षर एकच येणं ही घटना चकत्यांच्या सुमारे ४० टक्के स्थितींतच शक्य असते. प्रत्येक शक्य स्थितीला एक चौकोनी भोक. एका तक्त्यावर ५१×५१ घरं, सुमारे १,००० भोकं, एका क्रमासाठी २६ तक्ते. असे संदेश मिळतील तसे तक्ते योग्य सरकवून एकावर एक ठेवायचे, आणि उजेड आरपार येणारं एकच भोक उरेपर्यंत चढवत जायचं. भोकं दाढीच्या पात्याने कापली जात. एक भोक चुकून राहिलं तर खरं उत्तरच झाकलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. एखादं जास्तीचं भोक पडलं तर फक्त एक खोटा उमेदवार वाढतो. त्यामुळे तपासणी करताना राहिलेल्या भोकांवर जास्त लक्ष द्यावं लागे. दुसरा उपाय 'बोंबा' नावाचं विजेवर फिरणारं यंत्र: सहा एनिग्मांच्या चकत्या एकत्र, प्रत्येक क्रमाला एक अशी सहा यंत्रं, आणि सर्व स्थिती सुमारे दोन तासांत तपासून व्हायच्या. पण बोंबाला जी अक्षरं हवीत त्यांना प्लग लागलेला नसावा अशी अट होती.

१५ डिसेंबर १९३८ ला चकत्या तीनच्या पाच झाल्या. क्रम ६ चे ६० झाले, तक्त्यांचे ६० संच हवेत आणि तयार होते दोन. जानेवारी १९३९ पासून प्लगच्या तारा ७ ते १० केल्या, त्यामुळे बोंबाही लंगडी पडली. नव्या दोन चकत्यांची जोडणी मात्र त्यांनी शोधली, कारण नाझी पक्षाच्या गुप्तचर शाखेचं जाळं अजून जुन्याच पद्धतीने संदेश पाठवत होतं. ज्ञान पूर्ण होतं, साधनं आणि पैसे अपुरे. २५ आणि २६ जुलै १९३९ ला वॉर्साजवळच्या पिरीच्या जंगलात पोलंडने सगळं ब्रिटिश आणि फ्रेंचांपुढे ठेवलं, आणि दोघांना एकेक एनिग्माची नक्कलही दिली. पाच आठवड्यांनी युद्ध सुरू झालं.

'ट्युरिंगने एनिग्मा फोडली' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. त्याने वेगळी आणि जास्त टिकाऊ वाट काढली. दोनदा टंकण्याची पद्धत जर्मन कधीतरी सोडणार हे उघड होतं, आणि १ मे १९४० ला त्यांनी ती सोडलीच. भोकांचे तक्ते एका दिवसात निरुपयोगी झाले. मधला काळ ट्युरिंगचा सहकारी जॉन हेरिव्हेल याच्या एका निरीक्षणाने तारून नेला: सकाळी कडी बसवून घाईत काम सुरू करणारा ऑपरेटर चकत्या फारशा फिरवत नाही, म्हणून त्याच्या पहिल्या संदेशाची उघडी स्थिती कड्यांच्या जागेच्या आसपासच असते. अनेक केंद्रांचे पहिले संदेश कागदावर मांडले की एका जागी ठिपक्यांचा घोळका दिसायचा.

ट्युरिंगचं यंत्र, बॉम्ब, मूळ मजकुराच्या अंदाजावर चालायचं. हवामानाचे अहवाल, ठरावीक मायने, 'विशेष काही नाही' असं रोज कळवणारी चौकी. असा अंदाज गुप्त मजकुराखाली ठेवून एकेक घर सरकवायचा. कुठेही वरचं आणि खालचं अक्षर एकच आलं की ती जागा बाद, कारण अक्षर स्वतःच्या रूपात येऊच शकत नाही. ३० अक्षरांचा अंदाज असेल तर चुकीच्या दहापैकी सात जागा अशाच गळतात. १६ अक्षरांचा असेल तर निम्म्यासुद्धा गळत नाहीत, म्हणून लांब अंदाजाला किंमत. मात्र अंदाज फार लांब झाला तर मधेच मधली चकती सरकते आणि सगळी मांडणी चुकते. त्यामुळे कोणता तुकडा घ्यायचा याचा तोल सांभाळावा लागे.

याच दोषाचा सर्वांत सुंदर वापर मेव्हिस लिव्हर या ब्रिटिश गुप्तलिपी-तज्ज्ञ तरुणीने केला. इटालियन नौदलाचा एक लांब संदेश तिच्यापुढे आला, आणि त्यात एल हे अक्षर एकदाही नव्हतं. म्हणजे कुणीतरी चाचणीसाठी नुसतीच एल ची कळ दाबत बसला होता. संपूर्ण मूळ मजकूर हातात!

अंदाज बसल्यावर वरच्या-खालच्या अक्षरांचे दुवे जोडून बंद फेरे शोधायचे आणि त्या आकृतीप्रमाणे बॉम्बच्या चकत्या तारांनी जोडायच्या. मग यंत्र विचारतं: या स्थितीत ए ला क्यू चा प्लग आहे असं धरलं तर काय होतं? गृहीतक चुकीचं असेल तर त्यातून विसंगत निष्कर्ष एकामागून एक निघत जातात, आणि विजेचा प्रवाह साधारणपणे सव्वीसही तारांत पसरतो. खऱ्या स्थितीत तसं होत नाही आणि यंत्र थांबतं. इथे प्लगबोर्ड एकेक करून तपासावाच लागत नाही, प्रवाहच एका झटक्यात त्याच्या शक्यता मोडून काढतो. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये आलं, पण फेरे कमी असले की ते खोट्या जागी फार वेळा थांबायचं. ट्युरिंगचा सहकारी गॉर्डन वेल्चमनने त्यात कर्णपट्टी (डायगोनल बोर्ड) जोडली. ए ला बी चा प्लग म्हणजे बी ला ए चा, ही साधी सममिती तारांनी पक्की केली. ऑगस्ट १९४० च्या यंत्रापासून ती बसवली गेली आणि कमी फेऱ्यांच्या मांडणीही चालू लागल्या. एका बॉम्बमध्ये ३६ एनिग्मांएवढ्या चकत्या असत. युद्ध संपेपर्यंत ब्रिटनमध्ये अशी २०० हून अधिक यंत्रं चालली, आणि ती चालवणाऱ्या बहुतांश नौदलातल्या तरुणी होत्या. बॉम्ब हा संगणक नव्हे. ब्रिटिशांचा कोलोसस हा सुरुवातीचा संगणक वेगळा, आणि तो एनिग्मासाठी नव्हता, लॉरेन्झ नावाच्या दुसऱ्या यंत्रासाठी होता.

नौदलाची एनिग्मा जास्त कठीण होती. चकत्या आठ, क्रम ३३६, आणि संदेशाची अक्षरं कळवायला वेगळे छापील तक्ते. १ फेब्रुवारी १९४२ ला अटलांटिकमधल्या पाणबुड्यांना चौथी चकती मिळाली आणि दहा महिने काहीच वाचता आलं नाही. ३० ऑक्टोबर १९४२ ला भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या यू-५५९ पाणबुडीतून टोनी फासन आणि कॉलिन ग्रेझियर या ब्रिटिश नौसैनिकांनी कागद बाहेर दिले आणि ते दोघं आतच राहिले. त्या कागदांत हवामानाच्या संक्षिप्त संदेशांची पुस्तिका होती. हवामानाचे संदेश लिहिताना चौथी चकती अशा जागी ठेवली जायची की यंत्र तीन चकत्यांसारखं वागे. त्यामुळे त्या संदेशांवरून तीन चकत्यांची किल्ली काढायची आणि चौथीच्या फक्त २६ जागा तपासायच्या. डिसेंबर १९४२ मध्ये पाणबुड्यांचे संदेश पुन्हा वाचता येऊ लागले.

त्या तीन पोलिश गणितज्ञांचं काय झालं हेही सांगायला हवं. रुझित्स्की जानेवारी १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेला. रेयेफ्स्की आणि झिगाल्स्की स्पेनच्या तुरुंगातून १९४३ मध्ये ब्रिटनला पोहोचले, पण त्यांना एनिग्माच्या कामात घेतलं गेलं नाही. रेयेफ्स्कीने युद्धानंतर पोलंडमधल्या बिदगोश्च शहरात हिशेबनिसाची नोकरी केली. त्याच्या कामाची जगाला ओळख व्हायला १९७० चं दशक उजाडावं लागलं.

आता तिसरा प्रश्न, प्रोग्राम. चुका चार ठिकाणी होतात. पहिली: चकती गुप्त अक्षर तयार होण्याच्या आधी सरकते. नंतर सरकवली तर सगळं एका घराने चुकतं. दुसरी: मधली चकती. ती स्वतःच्या खाचेवर, म्हणजे शेजारच्या चकतीला ढकलण्याच्या जागेवर असेल तर पुढच्या कळीला डावीला ढकलताना स्वतःही सरकते, म्हणजे लागोपाठ दोनदा हलते. यामुळे यंत्राचा आवर्तनकाळ १७,५७६ नसून २६×२५×२६, म्हणजे १६,९०० आहे. तपासायला १-२-३ क्रमाच्या चकत्या लावून ए-डी-यू पासून सुरू करा; पुढे ए-डी-व्ही, मग ए-ई-डब्ल्यू, मग बी-एफ-एक्स असं दिसायला हवं. तिथे ए-एफ-एक्स किंवा ए-ई-एक्स दिसलं तर हा नियम राहून गेला आहे. तिसरी: कडी. कडं फिरवलं की अक्षरपट्टी आणि खाच आतल्या तारांच्या तुलनेत सरकतात, म्हणून प्रवाह मोजताना स्थितीतून कड्याची संख्या वजा करायची. खाच मात्र खिडकीत दिसणाऱ्या अक्षरावरच तपासायची. चौथी: परत येताना चकतीची उलट जोडणी वापरायची, सरळ नव्हे. आत जाताना स्थितीची बेरीज केलीत तर त्याच चकतीतून बाहेर पडताना वजाबाकी करायला विसरू नका.

सगळं बरोबर आहे का, हे पाहायला चकत्या १-२-३, परावर्तक बी, कडी तिन्ही पहिल्या जागेवर, प्लग एकही नाही, स्थिती ए-ए-ए अशी मांडणी करा आणि ए ची कळ पाच वेळा दाबा. बी-डी-झेड-जी-ओ आलं पाहिजे. मग स्थिती परत ए-ए-ए करून हीच पाच अक्षरं टंका. पाचही ए परत आले नाहीत तर चूक बहुधा चौथ्या ठिकाणी आहे.